वाटीभर दही

कुपवाडच्या कारखान्यांमागं पत्र्याच्या घरांची एक गल्ली आहे. तिथं दगडाबाईला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दगडाबाई दारात हजर. पदर कमरेला खोचलेला आणि तोंड सुरू. पाणी कमी तापलं म्हणून बाळंतिणीच्या आईला बोलणार, मसुराचं पीठ जाडं दळलं म्हणून सासूला बोलणार. बाळाला मात्र कधी वाकडा शब्द नाही. कितीही किंचाळणारं पोर तिच्या पायांवर पालथं पडलं की गप्प व्हायचं. हातच तसा होता बाईचा.

नऊ वाजता ती पाळणाघरात जायची. कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायका आपली लहान मुलं तिथं ठेवायच्या. तिथली आया दगडाबाई आणि तिथल्या बाई क्रांतीताई. या क्रांतीताईंनी एके दिवशी सांगितलं, की ज्या संस्थेचं हे पाळणाघर आहे तिनं नवीन नियम काढलाय. यापुढं प्रशिक्षण घेतलेल्या बाईच्याच हातात तान्हं मूल द्यायचं. सांगलीत सहा दिवस वर्ग आहे, दगडाबाईंनी जायचं. एकही खाडा चालणार नाही, खाडा झाला की प्रमाणपत्र नाही.

"मला शिकवनार?" दगडाबाई म्हणाली. "आवं ताई, त्या शिकवनाऱ्या बाईला इचारा, तिला स्वतःला न्हाऊ कुनी घातलं. माझ्यासारखीनंच घातलं आसंल की."

आता हे शिकवणाऱ्या बाईला कसं विचारायचं? क्रांतीताई हसल्या आणि तिचं नाव यादीत घालून मोकळ्या झाल्या.

गेली. कुरकुरत गेली. शहर बसमध्ये शेजारच्या बाईला सगळं ऐकवत गेली. सांगलीत एका सभागृहात चाळीस बायका जमल्या होत्या. कुणी अंगणवाडीतल्या मदतनीस, कुणी पाळणाघरातल्या आया, दोन तरुण पोरी स्वतःचं पाळणाघर काढायच्या विचारात. प्रत्येकीला एक फाइल दिली, एक वही, एक पेन. शिकवायला प्रियदर्शनी मॅडम म्हणून होत्या. पस्तिशीच्या, आवाज हळू, आणि कुणाला मूर्खात न काढणाऱ्या. दगडाबाईला लिहिता येत नव्हतं. पण तिनं वही परत केली नाही. साठीला टेकलेल्या बाईला जन्मात पहिल्यांदा कुणी वही दिली होती.

आणि खोटं कशाला सांगायचं, तिला तिथं आवडायला लागलं. पोराच्या घशात शेंगदाणा अडकला तर त्याला हातावर पालथं घेऊन पाठीत कसं थोपटायचं, हे तिनं तीनदा करून बघितलं. तीन दिवस संध्याकाळी घरी आली की लेकाला, दिग्विजयला, समोर बसवून सगळं सांगायची. दिग्विजय लेथवर काम करणारा, मुळात कमी बोलणारा. तो जेवता जेवता मान हलवायचा. त्या घरात दोघंच राहायची. तिचा नवरा धुळा जतकडं मेंढरं राखता राखताच वारला होता. आणि दिग्विजयची बायको राणी चार वर्षं माहेरी होती, लोणंदला.

चौथ्या दिवशी मॅडमनी प्लास्टिकचं बाळ टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "आज बाळाची अंघोळ. इथं सगळ्यात जास्त अनुभव कुणाचा?"

तीन दिवसांत दगडाबाईनं आपली कीर्ती सगळ्यांना ऐकवून ठेवली होतीच. सगळ्या जणींनी तिच्याकडं बोट केलं. दगडाबाई उठली. सतरंजीवर बसून पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि बाळ पायांवर घातलं. बायका गोल करून उभ्या राहिल्या, दोघी-तिघींनी मोबाइल काढले.

"बगा आता," ती म्हणाली. "पयलं तेल कोमट पाहिजे. हात घासून घ्यायचं. टाळू भरायची, अशी. मग पाठ. पाठीला वरनं खाली, जोर न्हाई करायचा, पोरगं हाय, भाकरीचं पीठ न्हवं." बायका हसल्या. "मग पोट, मग हातपाय. आन आता नाक. एकेका नाकपुडीत दोन दोन थेंब सोडायचं. म्हंजी छाती मोकळी ऱ्हाती, कफ धरत न्हाई." तिनं बोट तेलात बुडवून प्लास्टिकच्या नाकावर धरलंसुद्धा.

"मावशी, इथंच थांबा," मॅडम म्हणाल्या.

त्या तिच्या शेजारी सतरंजीवरच बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रत्येक वर्गात कुणीतरी हे करतंच. माझी आजीसुद्धा करायची. पण ऐका. तेल म्हणजे पाणी नव्हे. मोठ्या माणसाला ठसका लागतो आणि ते बाहेर येतं. तान्ह्याला तेवढा ठसका लागत नाही. तेल नाकातून खाली उतरतं ते छातीत जाऊन बसतं. रोज थेंब थेंब साठतं. मग खोकला सुरू होतो, धाप लागते, ताप येतो. सगळं निमोनियासारखंच दिसतं. तेल घालतो हे घरच्यांनी सांगितलंच नाही, तर डॉक्टरांनाही कळणं अवघड जातं. आणि घरचे सांगत नाहीत, कारण तेल हे त्यांना काही दिल्यासारखं वाटतच नाही."

मागून मिरजेच्या एका बाईनं विचारलं, "आन मॅडम, दही? बाळंतिणीनं दही खाल्लं की पोराच्या छातीत सर्दी हुती न्हवं?"

"दही आईच्या पोटात जातं, बाळाच्या छातीत कसं जाईल? खुशाल खावं."

सगळ्या हसल्या. दगडाबाई हसली नाही. ते प्लास्टिकचं बाळ तिच्या पायांवर तसंच होतं. कुणीतरी ते उचलून नेलं, तरी तिनं पाय जवळ घेतले नाहीत.

चार वर्षांमागं राणीचं पहिलं बाळंतपण लोणंदला झालं. सव्वा महिन्यानं ती बाळ घेऊन कुपवाडला आली. शंभूराज नाव ठेवलं होतं. धुळा जाऊन वर्ष झालेलं, घर नुसतं सुनं पडलेलं, त्यात हे पोर आलं. दगडाबाईनं त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. पहिल्या दिवशी न्हाऊ घालताना तिनं तेलाची वाटी पुढं ओढली, तशी राणी हळूच म्हणाली होती, "आत्या, आमच्याकडच्या आशाताई म्हनल्या, नाकात तेल घालू नका."

"तुझ्या आशाताईनं किती पोरं न्हाऊ घातली?" दगडाबाईनं विचारलं होतं. "मी दोनशे घातली. बस गप."

राणी गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून न्हाऊ घालायच्या वेळी ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून उभी राहायची. तेव्हा दगडाबाईला वाटलं होतं, पोरगी फुगलीय.

पुढं शंभूराजला खोकला झाला. छाती घुरघुरायला लागली. दगडाबाईनं काय करावं? छाती मोकळी व्हावी म्हणून दोनाचे चार थेंब केले. आठवड्यानं दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, बाळाला वरचं काय देता? दगडाबाई ताडकन म्हणाली, "आईचं दूध. दुसरं कायबी न्हाई." ती खोटं बोलली नव्हती. तेल म्हणजे न्हाणं, ते काय देणं थोडंच होतं? पाचव्या दिवशी पोर गेलं. डॉक्टर म्हणाले, निमोनिया.

घरात बायका जमल्या. असं कसं झालं, कशानं झालं, विचारायला लागल्या. आणि दगडाबाईला आठवलं, की पंधरा दिवसांमागं राणीनं शेजारच्या शालूबाईकडं वाटीभर दही खाल्लं होतं. शालूबाईची म्हैस होती, तिच्या हातचं दही गल्लीत नावाजलेलं. उन्हाचे दिवस होते. राणी तापल्या पत्र्याखाली बसलेली बघून शालूबाईनं तिला मायेनं बोलावलं, साखर घालून वाटी हातात दिली. एवढंच. दगडाबाई म्हणाली, "दही खाल्लं हिनं. अंगावर पिनारं पोरगं असताना दही खाल्लं." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. महिन्यानं राणी चार दिवसांसाठी म्हणून लोणंदला गेली. दिग्विजय तिला आणायला गेला नाही. दगडाबाईला वाटलं, लेकाचं बरोबर आहे. असली बाई घरात ठेवून काय करायची?

चहाच्या सुट्टीत तिनं प्रियदर्शनी मॅडमना एका बाजूला गाठलं.

"मॅडम, एक इचारू? समजा एका पोराला रोज तेल घातलं. पंधरा-वीस दिस. मग खोकला झाला. मग आनी जास्त घातलं. ते पोरगं तेलानंच गेलं आसंल?"

मॅडमनी तिच्याकडं नीट बघितलं. "कुणाचं बाळ, मावशी?"

"शेजारचं. लय दिस झालं."

"आता नक्की कुणीच सांगू शकणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तेलानं गेलं असू शकतं. मी तुम्हाला खोटं नाही सांगणार."

"आन दह्यानं?"

"दह्यानं नाही. हे मात्र नक्की."

दगडाबाईनं मान हलवली. चहाचा कप तसाच खिडकीत ठेवला आणि जाग्यावर जाऊन बसली. दुपारी मॅडमनी काय शिकवलं ते तिला आजही सांगता यायचं नाही.

त्या संध्याकाळी ती दिग्विजयशी काही बोलली नाही. डोक्यात एकच चालू होतं. आपण पोर मारलं, आणि पोरीच्या गळ्यात बांधलं. पोर परत येत नव्हतं. पण ती पोरगी लोणंदला जिवंत होती, आणि चार वर्षं आपल्या हातनं लेकरू गेलं असं समजून जगत होती. तिला हे कळल्याशिवाय आपण मेलो तर?

पाचव्या दिवशी ती सांगलीच्या बसमध्ये बसली, पण सभागृहाकडं उतरली नाही. सरळ स्टेशनवर गेली आणि पुण्याच्या बाजूची गाडी धरली. खाडा पडणार होता, प्रमाणपत्र जाणार होतं, कदाचित पाळणाघरही जाणार होतं. जाऊ दे म्हणाली. कराड गेलं, सातारा गेलं, वाठार गेलं. गाडीत एका बाईच्या मांडीवर तान्हं पोर होतं. एरवी दगडाबाईनं ते कधीच मागून घेतलं असतं. आज तिनं तोंड खिडकीकडं करून ठेवलं.

लोणंदला राणीचा भाऊ बाळासो स्टेशनापासून जवळच राहायचा. दारात त्याची बायको पाच-सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन उभी होती. दगडाबाईला तिनं ओळखलं, पण या बसा म्हणाली नाही.

"राणी वन्सं कांदा मार्केटात हायती. कांदा निवडाय जात्यात."

"तुझं व्हय हे? मोठं झालंय की," दगडाबाई म्हणाली. "राणी खेळवत आसंल."

"न्हाई," ती बाई म्हणाली. "त्यांच्याकडं देत न्हाई मी. त्याबी घेत न्हाईत. तुमाला सगळं ठाऊकच हाय की."

ठाऊक नसायला काय झालं? दगडाबाईनंच ते पेरलं होतं, आणि ते इथंवर येऊन उगवलं होतं. ती मार्केटकडं चालायला लागली.

मार्केटात एका शेडखाली कांद्याचे ढीग लागले होते आणि ढिगाभोवती बायका बसल्या होत्या. मोठा कांदा एकीकडं, लहान एकीकडं, सडका मागं. राणी एकटीच एका कडेला होती. वाळली होती. चार वर्षांत दहा वर्षांनी मोठी दिसायला लागली होती. तिनं सासूला बघितलं आणि हातातला कांदा बाजूला टाकला, लहानांत.

दगडाबाई तिच्यासमोर खाली बसली. काय करावं सुचेना म्हणून तिनंही कांदे निवडायला सुरुवात केली. चार-पाच कांदे झाले.

"राणे, तू न्हाईस," ती म्हणाली. "शंभू तुझ्या दह्यानं न्हाई गेला. मी नाकात तेल घालत हुते न्हवं, ते छातीत जातंय. सांगलीत मॅडमनी शिकवलं. तू मला सांगितलं हुतंस, नका घालू. मी ऐकलं न्हाई. मीच घालवलं पोराला, आन नाव तुझं सांगितलं."

राणी कांदे निवडत राहिली. कांदा चिरल्याशिवाय डोळ्यांत पाणी आणत नाही, त्यामुळं तेही निमित्त नव्हतं. दगडाबाई रडत होती, राणी नव्हती.

"मला ठाऊक हाय," राणी म्हणाली.

"काय?"

"तेलाचं. मला तवाच ठाऊक झालं हुतं. शंभू गेल्यावर आठ दिसांनी मी आशाताईंला फोन केला. त्यांनी इचारलं, नाकात तेल घालत हुता का. मी हां म्हनलं. त्या गप बसल्या. मग मला कळलं."

दगडाबाईच्या हातातला कांदा तसाच राहिला. "मग बोलली का न्हाईस गं?"

"बोलले की. तुमच्या लेकाला बोलले." राणीचा आवाज चढला नाही. "ते म्हनले, पोरगं तर गेलंच. आता आईला कळलं तर आईबी जाईल. तू गप ऱ्हा. मी म्हनलं, बरं. मला वाटलं, चार दिस गप ऱ्हायचं आसंल."

"आन मी दह्याचं बोलत हुते तवा?"

"तवा ते जेवत हुते. जेवतच ऱ्हायले." तिनं एक सडका कांदा मागं फेकला. "मला न्याय ते का आले न्हाईत, म्हाईत हाय? मी घरात असले की कवातरी माझ्या तोंडातनं निघंल, ही भीती हुती त्यांना. तुमाला वाचवलं त्यांनी. मला न्हाई वाचवलं."

दगडाबाईला वाटलं होतं, आपण इथं काही द्यायला आलोय. तिला वाटलं होतं, आपण सांगू आणि पोरीच्या छातीवरचा दगड उतरेल. ती पोरगी तो दगड ओळखून होती. कुणी ठेवला तेही ओळखून होती. नुसता पेलत बसली होती, कारण तिला तसं सांगितलं होतं.

"चल घरला," दगडाबाई म्हणाली. "माझ्यासंगं आत्ता चल. मी त्याला सांगते."

"न्हाई आत्या. मी आता येत न्हाई. त्यांनाबी सांगा, येऊ नका." राणीनं पदरानं हात पुसले. "तुमाला कायतरी करायचंय तर एक करा. दह्याचं जिथं जिथं बोललाय, तिथं तिथं जाऊन हे सांगा. जाताना वयनीला सांगून जा. आन कुपवाडात पयलं शालूबाईंला सांगा. त्या बाईनं मला मायेनं वाटीभर दही दिलं हुतं."

एवढं बोलून ती परत ढिगाकडं वळली. दगडाबाई थोडा वेळ बसली, मग उठली. राणीनं मान वर केली नाही.

बाळासोच्या दारात तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाळासोच्या बायकोनं ऐकून घेतलं. मग तिनं कडेवरच्या पोराच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "म्हंजी नाकात घालायचंच न्हाई? मी तर रोज घालतीया."

दगडाबाईनं वाकून बघितलं. पोराचं नाक तेलानं चकाकत होतं.

"आजपासनं न्हाई," ती म्हणाली. "खोकला धरला तर डॉक्टरला पयलं तेलाचं सांग. आन राणीकडं दे लेकरू. ती चांगली हाय."

कुपवाडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दिग्विजय दारात बसला होता. ती कुठं गेली होती ते त्यानं विचारलं नाही. क्रांतीताईंचा फोन येऊन गेला असणार, आणि तीन दिवस वर्गातलं सांगणारी आई काल का गप्प झाली, हे त्याला कळलं असणार.

"राणी कशी हाय?" त्यानं विचारलं.

"कांदं निवडती."

दगडाबाईनं पाय धुतले, चूल पेटवली आणि चहा ठेवला. मग म्हणाली, "मला कळलं असतं तर मी मेले असते, व्हय रं?"

दिग्विजय खाली बघत राहिला.

"न्हाई मेले, बग. लोणंदवरनं आले, आता च्या पिनार. एवढ्यासाठी तू त्या पोरीला घालवलीस."

तो रडायला लागला. त्याला ती जवळ घेणार होती, सवयीनं हात पुढं गेलाही. पण तिनं चहा गाळला, कप त्याच्यापुढं ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शालूबाईच्या दारात गेली. शालूबाई पासष्टीची, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. चार वर्षांत दोघींचं बोलणं कमी झालेलं होतं. शालूबाईनं म्हैसही विकली होती, गुडघ्यांनी होत नाही म्हणाली होती. दगडाबाई ओट्यावर चढली नाही. खाली उभं राहून तिनं सगळं सांगितलं. तेलाचं, दोनाच्या चार थेंबांचं, आशाताईचं, राणीचं. काही ठेवलं नाही.

"दह्यानं न्हाई गेलं आमचं पोरगं," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या दह्यात काय दोष नव्हता."

शालूबाईचे हात सुपात थांबले होते.

"म्हैस मी गुडघ्यांनी न्हाई विकली," ती म्हणाली. "दूध काढाय बसलं की ती वाटी डोळ्यांपुढं यायची. त्या पोरीनं नको म्हनलं हुतं, दगडाबाई. म्हनली, आत्या रागं भरत्याल. मीच म्हनलं, खा गं, काय हुत न्हाई. चार वर्षं ह्या घरात विरजण लागलं न्हाई. लेक इचारतो, आये, दही का लावत न्हाईस. मी म्हनते, बाधतंय."

शालूबाईनं सूप बाजूला सारलं.

"राणीला ठाऊक हाय?"

"तिनंच धाडलं. म्हनली, पयलं शालूबाईंला सांगा."

तेव्हा मात्र शालूबाईनं पदर तोंडाला लावला. दगडाबाईनं एक पाय ओट्याच्या पायरीवर ठेवला, तशी ती म्हणाली, "नको. आज मला तुझं तोंड बगवत न्हाई. उद्या ये."

"येते," दगडाबाई म्हणाली.

तिथून चौथ्या घरात बाळंतीण होती. आठ दिवसांचं पोर. पाणी तापलं होतं, पाट मांडला होता, बायका तिची वाट बघत होत्या. बाळंतिणीची सासू होती, आई होती, बघायला आलेल्या दोघी-तिघी शेजारणी होत्या. या सगळ्या चार वर्षांमागं तिच्या घरी बसायला आल्या होत्या. तेलाची वाटी पाटाशेजारी ठेवलेली होती.

"आज उशीर केलासा," सासू म्हणाली.

दगडाबाई पाटावर बसली. पाय लांब केले, बाळ घेतलं, पायांवर पालथं घातलं. बाळ रडायचं थांबलं. तिनं तेलात बोटं बुडवली, टाळूला लावली, पाठीला लावली, आणि वाटी लांब सरकवली.

"नाकात घालायचं न्हाई," ती म्हणाली. "का न्हाई ते सांगते. बसा सगळ्याजनी. आमच्या शंभूपासनं सांगते."

तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळून त्याच्या आईजवळ दिलं आणि सांगायला सुरुवात केली. पाणी निवून गेलं तरी कुणी उठलं नाही.